बंदी नसलेलं गाव

चाकणच्या फाट्यावर एस.टी.त चढवून देताना आई म्हणाली होती, "कंपनीत जातोस तर जा, पर तिथलाच हू नगंस." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार. तुम्ही जे गावाकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे पिंपरीच्या भोंग्याला बांधले गेलात, त्या सगळ्यांना ही फजिती सांगायला हवी.

स्वराज्याला दहाएक वर्षं झाली असतील, तापाची साथ आली. साऱ्या जगभर आहे म्हणत. आमच्या चाळीत गावोगावचे कामगार. सुटीवरून परतणारा प्रत्येक जण आपल्याकडचा सरकारी हुकूम सांगे. मी ते डोक्यात साठवायचो आणि शिफ्ट सुटली की ओट्यावर बसून तुलना मांडायचो. भोसरीला शाळा बंद, बाजार चालू. चाकणला बाजार बंद, एस.टी. चालू. मोशीत तमाशाला मनाई, भजनाला नाही. "ताप काय आधी गाणं ऐकून मग शिरतो?" असं विचारलं की लोक हसत. बायका मला विचारून माहेरी जात. शेजारचा गफूर मिस्त्री चिडवायचा, "काय कलेक्टरसाहेब, आज कुठं काय बंद?"

सगळ्यांत मोकळं निघालं आमचंच गाव. तिथली कसलीच बंदी कुणी सांगितली नव्हती. मी छाती फुगवली. आई दमेकरी, एकटी. तिला पिंपरीला आणायला निघालो. गफूर म्हणाला, "राव, बंदीची खबर नाही, का गावाचीच खबर नाही?" मी त्याला वेड्यात काढलं.

भर दुपारी गावात शिरलो. कुणी अडवलं नाही. प्रत्येक दाराच्या कडीला लिंबाचा डहाळा. उष्टं पडत नव्हतं, म्हणून कावळासुद्धा नव्हता. आमची चूल सारवलेली, गार. देव्हाऱ्यात देव नव्हते, नुसते त्यांच्या बुडाचे गोल डाग. आडावर पाणी प्यायलो, पोहरा काठावर ठेवला. मागं वळलो तर आत पोहरा आदळल्याचा आवाज आला. पोहरा काठावरच होता.

"आई!" मी ओरडलो. ओ आली, पण ओढ्यापलीकडून. रानात खोपटांची रांग. म्हाताऱ्यांनी मागची मोठी साथ पाहिलेली. सरकारी हुकमाची वाट न बघता सारं गाव देवांसकट बाहेर निघालं होतं. रिकाम्या गावात शिरलेल्याला, गाव पुन्हा भरेपर्यंत आपल्यात घ्यायचं नाही, हा आमचा जुना रिवाज. तालुक्याची मनाई पाठ असलेला मी, घरचीच विसरलो.

"आत गेलास व्हय रं?"

"पाणी पण प्यायलो."

"मग आता हिकडं न्हाई यायचं."

"तूच ये की. पिंपरीला जाऊ."

"सारं गाव हितं हाय. मी कुटं येऊ?"

तिनं ओढ्यातल्या दगडावर भाकरी ठेवली आणि खोकत मागं सरली. मी भाकरी उचलली आणि आल्या वाटेनं परतलो. तिचा खोकला बराच लांबवर सोबतीला होता.

आई वाचली. गाव भरलं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. तिनंच पुढं सांगितलं. शिवेवर पाटील एकेकाचं नाव घेतो, तो माणूस "आलो" म्हणतो आणि आत जातो. जो ओ देत नाही, तो गेला असं धरतात. माझंही नाव घेतलं. मग आईच म्हणाली, "आला."

ती जाऊनही आता वर्षं झाली. पिंपरीत भोंग्याला उठून कामावर जातो तो मीच असणार; पगार तरी माझ्याच हातात पडतो. पण घर म्हटलं की ते दुपारचं गाव दिसतं, आणि आत कुणीतरी एकटाच. 'आला' म्हणून आईनं त्याला आत घेतलंय. बाहेर बोलवायला आता कुणी नाही.