मनोरी ते मनोरी

आता ही फजिती मी आपण होऊन सांगतोय असं समजू नका. घरी कुणी पाहुणा आला की आमची ही चहाच्या कपाबरोबर तीच पुढे करते, आणि दर वेळी तिखटमीठ लावते. त्यापेक्षा म्हटलं, आपल्या तोंडाने सांगितलेली बरी.

साठ-बासष्टची गोष्ट असेल. मी बोरिवलीत राहायचो, कचेरीत कारकून होतो, आणि शालूला बघायला गेलो होतो. तिच्या वडिलांनी, म्हणजे बापूंनी, विचारलं, "व्यायाम वगैरे करता का काही?"

शालू दारापाशी उभी होती. मला ती इतकी आवडली होती, की तोंडातून निघून गेलं, "पोहतो ना. लांब पल्ल्याचं."

खोटं! गावच्या विहिरीत कमरेला डबा बांधून पोहलो होतो, तेवढंच. आणि नशीब बघा, बापू निघाले जुने पट्टीचे पोहणारे.

"वा. मग पुढच्या महिन्यात मनोरी ते मार्वे शर्यत आहे, तीत उतरा. आम्ही शालूला घेऊन मार्व्याला येतो. पुढचं तिथेच बोलू."

झालं! लग्न खाडीपलीकडे जाऊन बसलं.

आमच्या कचेरीतले शिपाई पास्कूकाका मूळ मनोरीचे. त्यांची स्वतःची होडी होती. दर रविवारी ते मला खाडीत उतरवायचे. हातपाय जमले, पण श्वास काही जमेना. डोकं बाहेर असताना मी श्वास सोडायचो आणि पाण्यात गेलं की घ्यायचो.

"आरं, दरिया पिवाला आलास का पोहाला?" पास्कूकाका म्हणायचे.

शेवटी त्यांनीच तोड काढली. होडी माझ्या उजव्या हाताला आणली नि म्हणाले, "वल्हा पान्यान परला का तोंड माज्याकरं फिरव नि श्वास घे. बाकी कय बगू नको."

आणि काय सांगू, जमलं! वल्हं पडलं की श्वास, वल्हं पडलं की श्वास. ताल इतका अंगात भिनला, की कचेरीत आकडेमोड करतानाही दर तीन आकड्यांनी माझी मान उजवीकडे वळायची. उजवीकडच्या टेबलावरचे देशपांडे वैतागून विचारायचे, "काय पाहिजे का तुला?"

शर्यतीच्या दिवशी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला होडी आणि म्हैस सारखीच. सुरुवातीची गर्दी पांगली की ज्याची त्याची होडी बाजूला येणार, असं ठरलं होतं. मी पोहत होतो, आणि थोड्या वेळात उजवीकडे होडी आली. वल्हं पडलं. मी श्वास घेतला. जीव भांड्यात पडला.

होडी जरा वळली, मीही वळलो. होडीतून कुणीतरी ओरडत होतं, ते मला प्रोत्साहन वाटलं. डावीकडूनही मोठा ओरडा येत होता. म्हटलं, लोक फारच खूश झालेले दिसतात! डावीकडे बघायचा प्रश्नच नव्हता, मान तिकडे वळतच नव्हती.

पाऊण तासाने पायाला वाळू लागली. उभा राहिलो, मागे बघितलं. एकही माणूस नाही! म्हणजे मी पहिला! समोरून बायकांचा घोळका धावत येत होता. मी दोन्ही हात वर केले.

घोळका माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेला आणि होडीतल्या मासळीवर तुटून पडला.

एक म्हातारी कोळीण तेवढी थांबली. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "तू तं मंगाशी हितनंच गेला व्हतास ना रं?"

तेवढ्यात पास्कूकाका आपली होडी घेऊन पोचले. घसा बसला होता बिचाऱ्यांचा. माझ्या डावीकडून अर्धी खाडी ओरडत आले होते ते. मला होडीत घालून त्यांनी मार्व्याला नेलं.

तिथे शालूचे डोळे रडून लाल झालेले. मी बुडालो असंच सगळे धरून चालले होते. ती माझ्यासाठी रडली, हे बघून लाज वाटायच्या ऐवजी मला भलताच आनंद झाला.

बापूंनी विचारलं, "कुठे गेला होतात?"

"मनोरीला."

"आणि निघाला होतात कुठून?"

"मनोरीहूनच."

शालू आधी हुंदका आवरत होती, मग हसू आवरेना म्हणून वाळूत बसली. बापू तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाऊण तास पाण्यात टिकलात, म्हणजे पोहता येतं हे खरं. मुहूर्त बघू या."

लग्न थाटात झालं. आशीर्वादाच्या वेळी भटजी शालूला म्हणाले, "आता डाव्या बाजूला येऊन बसा."

तर भर मांडवात बापू उभे राहून म्हणतात, "नको हो भटजी, ती उजवीकडेच बरी. डावीकडचं जावईबापूंना दिसत नाही. दुसरी कुणी उजवीकडून गेली, तर तिच्यामागे जातील."