बाभळीचा ओंडका रिक्षात

त्या साली आमच्या दारात लाकूडच लाकूड झालं होतं आणि पाण्याचा पत्ता नव्हता. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. नाल्याकाठच्या बाभळी उभ्या उभ्या वाळल्या होत्या. त्यांच्या शेंगांवर आमच्या शेळ्या पोसायच्या. नेमकं त्याच वर्षांत शहर हर्सूलच्या पुढं सरकायला लागलं. काल-परवापर्यंत ज्वारीचं रान होतं तिथं चुन्याच्या रेघा पडल्या, खुंट्या ठोकल्या गेल्या, पाट्या लागल्या. प्लॉट घेणाऱ्यांना मधे आलेली वाळकी झाडं नको असायची. ते झाड पाडायचे आणि आमच्या सासूबाईंना हाक मारायचे, "मावशी, लाकूड घेऊन जा!"

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं. कुठंही पडलेली काटकी त्या आपलीच समजून उचलायच्या, मग आख्खं झाड कोण सोडणार? बघता बघता अंगणात ओंडक्यांची रास लागली. स्कूटर लावायला जागा उरली नाही. घरात गॅस होता, पण आत्यांची भाकरी चुलीवरच व्हायची आणि अंघोळीचं पाणी बंबातच तापायचं. म्हणून सरपण लागायचं. सरपण म्हणजे मात्र हातभर लांबीचं, चुलीत जाईल असं लाकूड. दारात पडलेलं होतं ते मांडीएवढं जाड, आणि वाळून दगड झालेलं. कुऱ्हाड मारली की टणकन् आवाज यायचा आणि कुऱ्हाडच माघारी यायची.

माझा नवरा तेव्हा वाळूजला कंपनीत होता. मशीन म्हटलं की त्याला आपल्या घरचं कार्य असल्यासारखं वाटायचं. त्यानं कुठल्याशा प्रदर्शनातून विजेवर चालणारं छोटंसं कटर आणलं. हिरवं, सुबक, खेळण्यासारखं. आल्या आल्या त्यानं शेवग्याची फांदी कापून दाखवली. शेवगा काय, आमच्या विळीनंही कापला जातो. तरी आम्ही कौतुक केलं.

मग त्यानं बाभळीला हात घातला. ओंडक्याची दोन्ही टोकं दोन दगडांवर टेकलेली आणि हा वरून मधोमध कापतोय. अर्ध्यापर्यंत मशीन गेलं, तेवढ्यात ओंडका मधे दबला आणि त्यानं कटरची पट्टी अशी चावून धरली की ती पुढंही जाईना, मागंही येईना. मशीननं एकदा घुर्र केलं, जळका वास आला आणि सगळं शांत झालं. नवऱ्यानं ओढलं, मी ओढलं. शेवटी आत्यांनी पाचर ठोकून पट्टी मोकळी केली. कटर मात्र गेलं ते गेलंच.

"व्होल्टेज कमी होतं," नवरा म्हणाला.

"त्याच्यात जीवच नव्हता," आत्या म्हणाल्या. "चांगलं जोराचं आण. पेट्रोलवरचं."

झालं. नवऱ्याला एवढंच हवं होतं. दोन-चार दिवस तो मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघत बसला. जंगलात दाढीवाले लोक गाडीएवढी झाडं आडवी करताहेत, भुसा उडतोय. जेवतानाही त्याच्या तोंडी सीसी. पंचेचाळीस सीसी, अठ्ठावन्न सीसी, सत्तरच्या वरचं. मी कपडे शिवायचं काम करायची. मी म्हटलं, "अहो, मशीन केवढं का असेना, ते चालवणार कोण? तुम्हाला सुट्टी रविवारी. चूल रोज पेटते."

त्यानं ऐकलं नाही. आत्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "मी बी येते दुकानात. आन् लाकूड बी नेऊ संगं."

"लाकूड? दुकानात?" नवरा म्हणाला.

"तुझी बायको अस्तर आणायला जाती तव्हा कापडाचा तुकडा नेती का नाय? मग? मशीन बाभळीसाठी घ्यायचं, तर बाभळीलाच दाखवून घेऊ."

 आत्यांनी राशीतला सगळ्यात द्वाड ओंडका निवडला, गाठीगाठीचा, वाकडा. रिक्षा थांबवली. रिक्षावाला आधी आत्यांकडं बघत राहिला, मग ओंडक्याकडं.

"अम्मा, इसका भी सीट लगेगा," तो म्हणाला.

"त्याला मांडीवर घेते," आत्या म्हणाल्या, आणि खरंच घेतला. ओंडक्याचं एक टोक त्यांच्या मांडीवर, दुसरं माझ्या. नवरा अंग चोरून कडेला बसला, जणू काही तो आमच्याबरोबर नव्हताच. क्रांती चौकात सिग्नल लागला. शेजारी मोटारसायकलवर एक जोडपं थांबलं होतं. बाईनं वाकून आत बघितलं आणि आपल्या नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, मग त्यानंही बघितलं. आत्यांनी ओंडक्यावर पदर टाकला. त्यामुळं तो आणखीच लक्षात यायला लागला.

दुकान उस्मानपुऱ्यात होतं. पंप, फवारणीची यंत्रं, कडबाकुट्टी आणि एका भिंतीवर ओळीनं टांगलेली ही मशीनं. दुकानदार जाडजूड, हसतमुख माणूस. ओंडका बघून त्याला जराही नवल वाटलं नाही. उलट खूश झाला.

"ये बेष्ट काम किया अम्मा. लोग आते, फोटो दिखाते. कोई लकडी नहीं लाता."

त्यानं ओंडका फुटपाथवर आणला, एक टोक पायरीच्या बाहेर काढलं आणि दुसऱ्या टोकावर पाय देऊन उभा राहिला. गिऱ्हाइकं, शेजारचे दुकानदार, चहावाला, सगळे गोळा झाले. आधी सगळ्यात लहान मशीन लावलं. ते गेलं आत, पण गाठीशी आल्यावर कण्हायला लागलं. आत्यांनी मान हलवली. "ह्येची गत पहिल्यासारखीच व्हायची."

मग नवऱ्यानं बोट दाखवलं ते सगळ्यात मोठ्या मशीनकडं. लांबलचक पट्टी, अजस्र धूड.

"साहब, इसकू चलाने कू पहलवान होना," दुकानदार म्हणाला.

"द्या हो इकडं," नवरा म्हणाला.

त्यानं मशीन जमिनीवर ठेवलं, पायानं दाबलं, दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. फुस्स. चहावाला म्हणाला, "जोर लगाके!" जमलेल्यांनीही तेच म्हणायला सुरुवात केली. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं दात ओठ खाऊन असा हिसका दिला की मशीन गर्जना करून सुरू झालं, लोक चार पावलं मागं पळाले आणि नवरा होता तसाच वाकलेला राहिला. त्याला सरळच होता येईना. कमरेत उसण भरली होती.

दुकानदारानं मशीन बंद केलं. आम्ही नवऱ्याला धरून खुर्चीवर बसवलं. कुणीतरी पाणी दिलं. "मशीन चांगलंय," तो बारीक आवाजात म्हणाला.

"तूच कमी पडला," आत्या म्हणाल्या. मग वळून मला म्हणाल्या, "पोरी, ते मधलं तू धरून बघ."

"मी?"

"मग कोण? रोज घरी कोण असतंय?"

मी पदर खोचला आणि मधलं मशीन हातात घेतलं. जड होतं, पण आवाक्यातलं. भरलेली कळशी उचलतो तेवढं. दुकानदारानं सांगितलं तसा चोक ओढला, दोरी हलकेच ताणून घेतली आणि मग खेचली. दुसऱ्या खेपेला मशीन सुरू झालं. हातापायांतून झिणझिण्या गेल्या. माझ्या पायाखालचं शिलाई मशीन घरघर करतं, हे तर वाघासारखं गुरगुरत होतं. पण खटका दाबला की वाढायचं, सोडला की गप्प व्हायचं. मी ते ओंडक्यावर टेकवलं. पिवळट भुसा पायावर पडायला लागला. गाठ आली. मला वाटलं आता कण्हणार. आवाज थोडा खाली आला, पण मशीन गेलं आरपार. तुकडा धप्पकन् फुटपाथवर पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाजल्यासारखं झालं आणि लई बरंही वाटलं.

"ह्येच बांधा," आत्या दुकानदाराला म्हणाल्या. "लई जोराचं नगं. ऐकणारं पायजे."

"हौ अम्मा. पट्टी जरा छोटी देता मैं इसकू. इंजिन का जोर पूरा लगेगा." त्यानं तेल किती मिसळायचं, चेन किती ताणायची, सगळं समजावून दिलं. पट्टीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही, नाहीतर मशीन उसळून तोंडावर येतं, हे तर दोनदा म्हणवून घेतलं. परतीच्या रिक्षात मांडीवर मशीन होतं, पायाशी ओंडक्याचे दोन तुकडे होते, आणि नवरा कमरेला हात लावून हळू चालवा, हळू चालवा म्हणत होता.

घरी आल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला. मी साडी नीट खोचून अंगणात उतरले तर आत्या ओरडल्या, "थांब! पदर चेनमधी गेला तर?" त्या आत गेल्या आणि नवऱ्याची जुनी पँट आणि शर्ट घेऊन आल्या. याच आत्यांनी लग्नानंतर किती वर्षं माझ्या डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आता त्याच मला पँट घाल म्हणत होत्या. वर स्कूटरचं हेल्मेट. डोळ्यांना कंपनीतला चष्मा. मी आरशात बघितलं आणि पोट धरून हसले. आत्या नाही हसल्या. त्यांनी माझ्या पँटचे पाय मोज्यांत खोचले आणि म्हणाल्या, "आता जा."

पहिल्या दिवशी शेळ्या खुंट्या उपटून पळाल्या. आठवडाभरात त्यांना सवय झाली. मशीन सुरू असताना त्या निवांत रवंथ करायच्या, बंद झालं की माना वर करून बघायच्या. नवरा बाजेवर पालथा पडून, कमरेला लेप लावून, तिथूनच मला सूचना द्यायचा. रास उतरत गेली. दारात स्कूटर लागायला लागली.

पण सरपण झालं म्हणून बंब थोडाच पेटणार होता? पाणीच नव्हतं. विहिरीच्या तळाला हंडाही बुडत नव्हता. आमच्या पलीकडं नवी कॉलनी झाली होती, तिथल्या लोकांच्या टाक्यांत टँकर रिकामे व्हायचे. एक दिवस तिकडचं एक वाळकं झाड कुणाच्या तरी कुंपणावर कोसळलं. माझ्या मशीनचा आवाज रोज ऐकून त्यांना माहीत होतंच. बोलावणं आलं. मी पँट-शर्ट घालून गेले, झाड तुकडे करून बाजूला लावलं. घरधनी पाकीट काढायला लागले तर आत्यांनी त्यांना थांबवलं.

"पैसं ऱ्हाऊ द्या. हंडे भरून द्या."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. मी लाकूड कापायची, आत्या पाणी मोजून घ्यायच्या. हंडा काठोकाठ भरला नाही तर त्या नळाखालून उचलायच्याच नाहीत. शेळ्या त्या उन्हाळ्यात तगल्या त्या त्याच पाण्यावर. आणि एका रविवारी आत्यांनी बंब पेटवून आधी मला अंघोळीला पाठवलं. घरात कमावणारा पुरुष असताना सून आधी, ही आमच्याकडं साधी गोष्ट नव्हती.

त्याच कॉलनीत एक निवृत्त साहेब राहायला आले. त्यांच्या फाटकासमोर कडुनिंब होता, मोठा, जुना. पानं बरीच झडलेली, पण झाड जिवंत होतं. साहेबांना गाडी आत घेताना तो आडवा यायचा. ते आमच्याकडं आले. म्हणाले, एवढा लिंब काढून द्या, टाकीतलं हवं तेवढं पाणी न्या. हवं तेवढं! आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. त्या लिंबाखाली दुपारी आमच्या शेळ्या बसायच्या, आम्हीही बसायचो.

"मशीन बिघडलंय साहेब," मी म्हटलं.

साहेब गेले. चार दिवसांनी परत आले. "झालं का दुरुस्त?" अजून नाही. सुट्टा भाग मिळत नाही. पुढच्या आठवड्यात परत. नेमकं तेव्हा मी अंगणात लाकूड कापत होते आणि आवाजात त्यांची हाक ऐकूच आली नाही. मशीन बंद केलं तर साहेब समोर उभे.

"तुमचं मशीन काय फक्त माझ्याच दारात बिघडतं?"

मी हेल्मेट काढलं. आत्या शेळीचं दूध काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय साहेब. त्याला वलं झाड चालत नाय."

साहेबांनी एकदा मशीनकडं बघितलं, एकदा आत्यांकडं. मग एकदम हसायला लागले. इतके हसले की आत्यांनी त्यांना चहा विचारला. शेळीच्या दुधाचा चहा त्यांनी तोंड वाकडं न करता प्यायला आणि जाताना म्हणाले, बघतो, फाटकच जरा सरकवता येतंय का.

फाटक सरकलं. चैत्रात लिंबाला तांबूस पालवी फुटली. साहेब त्याच्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. आमच्या शेळ्या त्यांच्या पायाशी बसायच्या, आणि एकीनं एकदा पेपरचं मधलं पान खाल्लं तेव्हा ते तक्रार घेऊन आले खरे, पण चहाच्या वेळेला.