तिचा फोन माझ्या हातात

नेवाशातल्या एका दवाखान्यात ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. अंगणवाडीची सेविका. कपाळाला डोकेदुखीचा बाम एवढा थापलेला, की त्या वासानं भिंतीवरच्या पालीसुद्धा खोकत होत्या. मांडीवरचा फोन सारखा थरथरत होता. सिस्टरनं तिचं बीपी मोजलं, तेव्हा पारा छत फोडून जातो की काय, असं मला वाटलं.

"बाई, ताण घेऊ नका. फोन बंद करून जरा पडा. उतरलं नाही तर ॲडमिट करावं लागेल."

तिनं फोन बंद केला, तर बीपी आणखी चढलं!

"सिस्टर, कुनाचा फोन येत आसंल, ह्याचाच घोर लागतो," म्हणत तिनं तो चालू करून माझ्या हातात दिला. "दादा, तुमी घ्या. मी डोळे मिटते."

मी पडलो शूर. आधी साहेब पोरांच्या वजनाची माहिती मागत ओरडले. मग सासूबाईंनी मिठाचा डबा कुठाय म्हणून माझीच झडती घेतली. पुन्हा साहेब. पुन्हा सासूबाई. डबा सापडला होता, आता झाकण निघत नव्हतं. माझ्या कानांतून निघालेली वाफ सगळ्या दवाखान्यानं पाहिली.

सिस्टरनं पुन्हा मोजलं. बाईंचं बीपी उतरलं होतं. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं पट्टा माझ्याच दंडाला गुंडाळला.

बाईंनी फोन परत घेतला, पदर खोचला.

"एवढ्यात दमले, दादा? आजून आमच्या ह्यांचा फोन यायचाय की!"