अठरा बायका, एक गुडघा

अठरा बायकांच्या पायात मी माझा एकच गुडघा बसवला, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. ही कबुली आधीच देऊन टाकते, कारण आमच्या गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुम्हाला तिकडून कळली तर तिखटमीठ जास्त असेल. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी अजाणच.

आमचं गाव उंब्रजपासून रिक्षाच्या अंतरावर. नात सांगलीला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवी हातात पडायच्या आधीच तिनं मास्टर्सच्या प्रवेशाची तयारी सुरू केली होती. प्रवेश परीक्षेचं विटेएवढं पुस्तक होतं, ते ती जेवताना ताटाशेजारी उघडून ठेवायची. परीक्षा झाली, बरी गेली, पण खरी मेख मुलाखतीत होती. तिथं विचारतात, तू स्वतः काय काम केलंस? बाकीच्यांनी दवाखान्यातले पेशंट निवडले. हिनं ठरवलं, उसात उकिडवं बसून तण काढणाऱ्या, भांगलण करणाऱ्या आपल्या गावच्या बायकांचे गुडघे तपासायचे. कुणाला कुठं दुखतं, कधीपासून, गुडघा किती वाकतो, हे एकेका कागदावर लिहायचं आणि ते कागद घेऊन मुलाखतीला जायचं. जागा अगदी थोड्या. या वर्षी हुकलं तर पोरगी वर्षभर घरी, आणि घरात स्थळांची कुजबुज सुरू झालेलीच होती.

तिनं फोन केला. “आज्जी, शनिवारी येते. तू फक्त बायका गोळा कर. बाकी काही करू नको.”

बाकी काही करू नको, हे मी नीट ऐकलं. पाळलं नाही, एवढंच.

त्याचं असं आहे की मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्गाची तालीम ठरलेली. पोरांना प्रश्न पाठ, उत्तर पाठ, कुणी उठून उभं राहायचं तेही पाठ. एकदा साहेबांनी प्रश्नांचा क्रम बदलला, आणि माझ्या चौथीच्या वर्गानं आपल्या जिल्ह्यातली मोठी नदी ‘अठ्ठेचाळीस’ असल्याचं एका सुरात सांगितलं. साहेब हसले. मी त्यातून काहीही शिकले नाही.

तर शुक्रवारी दुपारी अठरा बायका आमच्या पडवीत बसवल्या आणि तालीम सुरू केली. पुढं बसली होती माळावरची मावशी. तिच्या घरची पूर्वी मेंढरं होती, आता ती मजुरीनं भांगलायला जाते. तिला विचारलं, “गुडघा दुखतो का गं?”

“काय न्हाई बाई. बरं हाय.”

दुसरीला विचारलं. “मला बी काय न्हाई.” तिसरी तोंडाला पदर लावून नुसतीच हसली.

मला घाम फुटला. पोरगी सांगलीहून येणार आणि कागदावर अठरा वेळा ‘काय न्हाई’ लिहून जाणार! मी म्हटलं, “बायांनो, असं बोलू नका. पोरीच्या प्रवेशाचा प्रश्न आहे.”

“मग काय म्हनायचं?”

तेव्हा मी त्यांना माझं दुखणं दिलं. डावा गुडघा, आतल्या बाजूनं, दोन वर्षं झाली, सकाळी आखडतो, जिना उतरताना कळ येते. दोनदा म्हणून घेतलं. एकीनं हळूच विचारलं, “बाई, माजा उजवा दुकतोय. त्यो चालंल का?”

“डावाच ठेव,” मी म्हटलं. “उगीच गोंधळ नको.”

आमचे फौजी, म्हणजे माझे यजमान, दारातून हे बघत होते. “सगळ्यांचं पाऊल एकदम पडतंय,” म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

शनिवारी नातीनं मधल्या खोलीत खाट मांडली. कोनमापकाला दोन लांब पाय फुटावेत तसं गुडघा किती वाकतो ते मोजायचं एक प्लास्टिकचं साधन तिच्याकडं होतं. ती एकेकीला आत बोलवायची आणि मी बाहेर चहा ओतत कान आत ठेवायचे. पहिल्या दोघी झकास झाल्या. चौथीनंतर नात पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्याकडं बघून गेली. मी कपबशा पुसत होते. मग मावशीची पाळी आली.

“मावशी, कुठला गुडघा?”

“डावा. आतल्या अंगानं. दोन वर्सं झाली.”

“कधी दुखतो?”

“जिना उतरताना कळ येती.”

आत पेनला टोपण लागल्याचा आवाज आला.

“मावशी, तुमच्या घराला जिना कुठाय?”

“आमच्या न्हाई गं. बाईंच्या घराला हाय की!”

बाहेरच्या सगळ्या खो खो हसल्या. मला चहात साखर घातली की नाही तेच आठवेना.

नात ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. ती ओरडली नाही. झालेले पाच कागद तिनं एकावर एक ठेवले आणि बायकांना हात जोडून परत पाठवलं.

“आज्जी, हे दाखवलं तर ते लगेच ओळखतील. आणि ओळखलं नाही, तर ते जास्त वाईट.”

“अगं पण सगळ्या ‘काय न्हाई’ म्हणत होत्या!”

“मग तेच लिहून घ्यायचं होतं मला. ‘काय न्हाई’ म्हणणारीचा गुडघा किती वाकतो, ते मोजायचं होतं.”

मुलाखत आठ दिवसांवर आली होती आणि तिला रविवारी संध्याकाळी सांगलीची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, आत्ता पुन्हा गोळा करते सगळ्यांना.

“नको. तू आता कुणालाच गोळा करू नको.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. दीड भाकरी गेली. पण गप्प बसून गेली, आणि आमच्या घरात तेच फार.

आमच्याकडच्या बायकांना सुट्टी रविवारी नसते, बाजाराच्या दिवशी, म्हणजे शनिवारी असते. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उसात होत्याच. नात निघाली. “यायचं तर ये,” मला म्हणाली, “पण बांधावर बसायचं. बोलायचं नाही.”

तिनं खुरपं घेतलं आणि त्यांच्या ओळीला जाऊन बसली. तासभर एक प्रश्न विचारला नाही. नुसती बघत होती, कोण कशी उठते ते. एक मांडीवर हात दाबून उठायची, एक शेजारणीचा खांदा धरून, एक आधी दोन्ही हात जमिनीवर टेकून. दुपारी भाकरी सोडल्यावर तिनं शेजारच्या बाईला सहज विचारलं, “काकी, उठताना मांडीवर हात दाबायला लागतो व्हय?”

“आगं, त्याबिगर उठायाच येत न्हाई.”

“कवापासनं?”

“थोरला झाला तवापासनं.”

थोरला आता फौजेत आहे, त्याला मिशा आहेत. हीच बाई शुक्रवारी मला ‘मला बी काय न्हाई’ म्हणाली होती.

मग एकेक निघत गेलं. उजव्या गुडघ्यावालीला तिचा उजवा गुडघा परत मिळाला. दोघींचं खरंच काही दुखत नव्हतं, आणि नातीनं तेही तितक्याच आनंदानं लिहिलं. मावशीचे गुडघे तर नातीपेक्षा जास्त वाकले. पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी घालताना ती मान खाली घालायची, हात वर न्यायची नाही. मी तिला रोज बघते. मला ती लाजाळू वाटायची!

मी बांधावर तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा त्यात भाकरीचा तुकडा घातला.

बांधावरच्या झाडाखाली गुडघे मोजून झाले. बाकीच्या दुसऱ्या शिवारात गेल्या होत्या, त्यामुळं अकराच कागद भरले. ते अकरा घेऊन ती सांगलीला गेली.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, अकराच का? हिनं सरळ सांगितलं, अठरा मिळाल्या असत्या, पण माझ्या आज्जीनं त्यांची तालीम घेतली. समोरच्या बाईंनी म्हणे हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग बाकी सगळं सोडून त्या रविवारचंच विचारत बसल्या. महिन्याभरानं यादी मोबाईलवर आली. नाव खालून दुसरं होतं. यादी खालून वाचायची सवय मला शाळेपासूनची, त्यामुळं लगेच सापडलं.

मी पेढे घेऊन अठराही घरी गेले. शेवटी माळावर. मावशी भिंतीवर बोटं चढवत उभी होती. नातीनं तिला तो व्यायाम दिला होता, आणि हात कुठवर गेला त्याच्या कोळशाच्या खुणा भिंतीवर वर वर सरकलेल्या. मी पेढा पुढं केला आणि जरा मान ताठ करून म्हटलं, “नातीचा नंबर लागला बघ. शेवटी शिक्षकाचं रक्त.”

मावशीनं पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि म्हणाली, “आवं बाई, पोरगी इचारती आन् मग गप बसती. तुमी इचारता, आन् आमी त्वांड उघडायच्या आत उत्तर बी तुमीच देता. तुमचं रगत न्हाई लागलं तिला, म्हनून नंबर लागला. बसा, च्या टाकते.”