आधी हात दाखवा

१९७२ साल. मी साठ वर्षांचा होतो. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात दवाखान्यात पडून होतो, पण सही देत नव्हतो. काय करणार म्हणून विचारलं की डॉक्टर म्हणायचे, "तुम्हाला काय कळणार त्यातलं?" मग मी भिंतीकडं तोंड फिरवायचो. भीती होतीच, पण बोलून कोण दाखवणार?

शेजारच्या कॉटवर राधानगरीकडचा एक म्हशींचा व्यापारी आला. त्याचंही तेच दुखणं. डॉक्टर सही मागायला आले, तर गडी उठून बसला.

"सायेब, आधी हात दाखवा."

डॉक्टरांनी गोंधळून हात पुढं केला. त्यानं बोटं दाबली, उजेडात धरून बघितली.

"थरथरत न्हाईत. आता सांगा, कुठं कापणार, कशानं शिवणार, आन् मी उठणार कधी?"

डॉक्टर चक्क स्टुलावर बसून सगळं सांगत राहिले. मग यानं अंगठा दिला.

मी म्हटलं, "लई धीट की तुम्ही!"

"पावणं, म्हस घेताना सड पिळून बघतोय की आपण. हितं तर पोट द्यायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्याकडं आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच दोन्ही हात पुढं केले आणि स्टूल ओढलं. मी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावून दहाही बोटं तपासली, एक नख वाढलं होतं ते कापायला लावलं, आणि मगच सही केली.