फ्रोजानवर ठेवलेली नजर

क्रांती चौगुले यांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि याचा त्यांना थोडा अभिमानच होता. लग्न होऊन उचगावला आल्यावर बरीच वर्षं त्यांनी दूध संकलन केंद्रावर काढली. कॅन घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा आधी बघायचा, दूध नंतर, ही सवय तिथली. एकदा सख्ख्या चुलत दिराचं दूध त्यांनी सगळ्यांच्या देखत परत पाठवलं होतं. "पाणी घातलंय भावजी, उगं वाद नको," एवढंच म्हणाल्या.

पुढं शहरातल्या एका ट्रस्टमध्ये त्या महिलांच्या प्रशिक्षणाचं काम बघू लागल्या. तिथं एक वेगळीच जबाबदारी त्यांच्याकडं आली. शिकायला म्हणून भारतात आलेल्या आणि काबूलमधलं सरकार बदलल्यावर परत जाऊ न शकलेल्या काही अफगाण बायका होत्या. त्यांच्याकडं डिग्र्या होत्या, काम नव्हतं. त्यांना वर्षभर मानधनावर इथल्या दवाखान्यात, डेअरीत, बांधकामावर काम मिळवून द्यायचं, अशी ती फेलोशिप. पहिल्या तुकडीत तिघी येणार होत्या आणि राहण्याखाण्यापासून सगळं क्रांतीताईंनी बघायचं होतं.

खोली शोधतानाच त्यांची दमछाक झाली. फोनवर सगळं ठरत यायचं, मग पलीकडचा माणूस विचारायचा, "पावणं कुठलं म्हणायचं?"

"अफगाणिस्तानच्या आहेत."

मग लगेच, "अवो, त्या खोलीचं रंगकाम काढलंय की ताई."

शेवटी उचगावातच हुसेनबीच्या घराचा वरचा मजला मिळाला. हुसेनबी म्हणजे शिंपीकाम करून संसार ओढलेली विधवा बाई. मुलगा रिजवान याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिनंही सुखासुखी हो म्हटलं नाही.

"ह्यांचं नवरं कुटं हायत?"

"दोघींची लग्नं झाली न्हाईत, चाची. तिसरीचा दिल्लीत असतो."

"पोलिसांचं काय?"

"त्यांच्याकडं रीतसर नोंद होणार."

"मग असूंद्या. पर काय उलटंसुलटं झालं तर मी तुमास्नीच धरनार."

तिघी आल्या. मर्झिया इंजिनिअर, पलवशा पॅथॉलॉजीतली आणि फ्रोजान जनावरांची डॉक्टर. फ्रोजान हरियाणात शिकलेली, हिंदी अगदी सफाईदार. ऑफिसात खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं सांगितलं, "माझा फोटो कुठंही जाता कामा नये. नावसुद्धा नको."

"का?"

"माझी माणसं तिकडं आहेत."

याउपर ती काही बोलली नाही. क्रांतीताईंना ते खटकलं. तरी ट्रस्टचे विश्वस्त उदयसिंह यांनी हारतुरे आणि पेपरवाल्यांचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा त्यांनी तो रद्द करायला लावला. फोटो कुठं जाणार नाही असा शब्द त्यांनी फ्रोजानला दिला होता.

उदयसिंहांचं तोंड उतरलं. "फोटोला माणूस भितोय कशापायी, मॅडम? जरा नजर असूंद्या. उद्या काय निघालं तर नाव ट्रस्टचं जाईल."

हे बोलणं क्रांतीताईंच्या डोक्यात बसलं. फ्रोजान कामाला वाघीण होती. डेअरीच्या डॉक्टरांबरोबर जीपनं गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जायची, चिखलात गमबूट घालून गोठ्यात शिरायची, अडलेल्या म्हशीला मोकळं करायची. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. पण इतर दोघी संध्याकाळी बाजारात जायच्या, हसायच्या, भांडायच्या. ही मात्र परत आली की फोन घेऊन गच्चीवर. क्रांतीताई एकदा अचानक वर गेल्या, तर हिनं झटकन फोन पालथा घातला.

"कुणाशी बोलत होता?"

"घरी."

खोटं बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उघडझाप क्रांतीताईंनी केंद्रावर शेकडो वेळा बघितली होती. त्या खाली आल्या आणि हुसेनबीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चाची, जरा ध्यान ठेवा. कोण येतंय, कोण जातंय, मला कळवत चला."

हुसेनबीनं ते काम मनावर घेतलं. रोज मेसेज यायला लागले. आज गच्चीचं दार ओढून घेतलं. आज मधीच ओरडली, मधीच हसली. आज एक पांढरा फळा घेऊन वर गेली. मग एक दिवस फोटो आला. गच्चीच्या दाराच्या फटीतून काढलेला. पाण्याच्या टाकीला टेकवलेला फोन, त्याच्यासमोर फ्रोजान, मागं फळ्यावर गोल गोल खुणा आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. खाली हुसेनबीनं बोलून पाठवलं होतं, "कसला तर नकाशा काढलाय बगा."

क्रांतीताईंनी तो फोटो मोठा करून बघितला. पुन्हा बघितला. नकाशाच वाटत होता. पोलिसात कळवावं का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग वाटलं, आधी आपण खात्री करू. दरम्यान नव्या तुकडीच्या मुलाखती निघाल्या आणि ते मागं पडलं.

एका सकाळी फ्रोजान कामावर न जाता सरळ ऑफिसात आली. चेहरा पांढराफटक. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर तीच गच्ची होती, तोच फळा.

"हा फोटो हेरातमध्ये, माझ्या गावी पोचलाय," ती म्हणाली. "तिथं मोठ्या मुलींच्या शाळा बंद आहेत. मी त्यांना रोज जीवशास्त्र शिकवते. काही माझ्या नात्यातल्या आहेत, काही शेजारच्या. माझा चेहरा तिथल्या गल्लीत सगळे ओळखतात. काल त्यातल्या एकीच्या घरी सरकारची माणसं येऊन बापाला विचारून गेली, ही बाई कुणाला शिकवते म्हणून. सगळ्या मुलींचे फोन बंद आहेत."

क्रांतीताईंनी फळ्याकडं बोट केलं. "आणि हे काय आहे?"

"हे? रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट. चार कप्पे." फ्रोजाननं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

फोटो आपल्याकडं आहे हे त्या क्षणी क्रांतीताईंच्या तोंडून निघालं नाही. "मी शोधून काढते," एवढंच म्हणून त्या गाडी काढून उचगावला गेल्या. वाटेत त्यांचा संशय रिजवानवर गेला. मोबाईलवाला माणूस, आईचा फोन त्याच्याच हातात असणार. मग मर्झियावर गेला. गेल्या आठवड्यात तिचं आणि फ्रोजानचं जोरात वाजलं होतं. स्वतःवर तो सगळ्यात शेवटी आला.

रिजवान दारातच होता. "मी? ताई, त्या राहायला आल्यापासनं मी जिना चढलेला न्हाय."

आतून हुसेनबी हात पुसत आली. "त्याला कशाला दम देताय? मीच लावला की."

"काय लावला?"

"फोटो, स्टेटसला. 'आमच्या घरात मास्तरीणबाई राहत्यात' असं लिवून. माजी भाची सुहाना शारजात नर्स हाय, तिनं मागितला तर तिलाबी दिला. तिनं फेसबुकवर टाकला म्हनं, तिच्यासंगं अफगानी बायाबी कामाला हायत." मग क्रांतीताईंचा चेहरा बघून ती थांबली. "काय झालं वो?"

क्रांतीताईंनी सांगितलं. हुसेनबी भिंतीला धरून खाली बसली.

"तुम्हाला माहीत होतं ती शिकवते म्हणून?"

"मग? दाराला कान लावला होता. भाषा कळंना, पर पोरी एका सुरात जबाब द्यायच्या. शाळा कळत न्हाय व्हय मानसाला? मला लई बरं वाटलं."

"आणि मला का सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कवा?" हुसेनबी रडत रडतच म्हणाली. "तुमी रोज एकच इचारायचा. कोन आलं, कोन गेलं."

उदयसिंहांना हे कळलं तेव्हा त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. "मॅडम, कुणीतरी तिऱ्हाईतानं काढला म्हणून सांगा. म्हातारी बी वाचंल, ट्रस्ट बी वाचंल."

"न्हाय जमायचं," क्रांतीताई म्हणाल्या, आणि दुपारी गच्चीवर गेल्या. फ्रोजान टाकीजवळ बसली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

फ्रोजान ओरडली नाही. "फोटो चाचीनं काढला. पण तिला बघायला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"मला विचारायचं होतं."

"तुम्ही सांगितलं असतं?"

फ्रोजान विचारात पडली. "नाही. सुरुवातीला नसतं सांगितलं." मग म्हणाली, "नंतर कदाचित."

सुहानानं फोटो काढून टाकला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या मुलीच्या घरी माणसं येऊन गेली होती, तिचे आईबाप तिला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेले आणि ती पुन्हा वर्गात आली नाही. बाकीच्या हळूहळू परतल्या. वर्ग मात्र पुन्हा गच्चीवर भरला नाही. तो कुठं भरतो हे फ्रोजाननं मर्झियालाही सांगितलं नाही, मग मर्झिया तिच्याशी बोलेनाशी झाली, आणि तिघींचा स्वयंपाक वेगवेगळा शिजायला लागला. डेअरीवर कुणी नुसता वेळ बघायला मोबाईल वर केला तरी फ्रोजान तोंड फिरवायची.

हुसेनबी रोज काहीतरी करून वर पाठवायची. डबा तसाच खाली यायचा. पुढं तिची शेळी अडली. जनावर पाय झाडत होतं, आणि वर हाक मारायची हिंमत हुसेनबीला होईना. ओरडणं ऐकून फ्रोजान आपणच खाली आली. बाह्या सरसावून करडाचा वाकडा झालेला पाय सरळ केला, दोन्ही पिल्लं सुखरूप काढली, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. हुसेनबीनं चहा पुढं केला. फ्रोजाननं नळावर हात धुतले आणि कप न घेता जिना चढून गेली.

क्रांतीताईंनी राजीनामा लिहून दिला होता. ट्रस्टनं तो घेतला नाही. हे काम दुसरं कोण करणार, असं म्हणाले. त्या राहिल्या. नव्या तुकडीसाठी घर बघताना त्यांनी घरमालकाला इतकंच सांगितलं, की भाडेकरू बायकांचं काही खटकलं तर त्यांनाच तोंडावर विचारा. पण नव्या आलेल्यांपैकी एखादी फोनवर बोलत आवाज खाली आणायची, तेव्हा क्रांतीताईंचा कान आपसूक तिकडं जायचा. मग त्या उठून बाहेर जाऊन उभ्या राहायच्या.

वर्ष संपल्यावर फ्रोजानला गडहिंग्लजकडं काम मिळालं, असं ती म्हणाली. कुठल्या डेअरीत, ते तिनं सांगितलं नाही आणि क्रांतीताईंनी विचारलं नाही. स्टँडवर सोडायला त्या एकट्याच गेल्या होत्या. गाडी लागली. फ्रोजाननं त्यांच्या हातातल्या फोनकडं बघितलं.

"तो बॅगेत ठेवता?"

क्रांतीताईंनी ठेवला, चेन ओढली. मग फ्रोजाननं त्यांना पटकन मिठी मारली आणि गाडीत चढून पलीकडच्या बाजूची, स्टँडवरून दिसणार नाही अशी खिडकी धरली.