दुफियेचा पाणबुड्या

सिस्टर दुफिये माझ्या समोरच्या खोलीत राहते; सिस्टर म्हणजे आमच्याकडे ताई. आमचं अंगण एक, नळ एक. इथे घानात, अर्ध्या कुमासी शहराच्या लग्नाचे कपडे तिने शिवले असतील. डोळे अधू झाल्यावर तिने शिलाई सोडली आणि जुनी यंत्रं जमवायला लागली. तिच्या फळीवर कॅसेट प्लेअर आहे, बोटाने चकती फिरवायचा फोन आहे, रीळ घालायचा कॅमेरा आहे. मला हे नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण त्या खोलीत गेलं की माझं वय उतरतं. तिथली बटणं दाबली की खरंच खाली जातात, टक् वाजतात, आणि काहीतरी घडलंय हे बोटाला कळतं. हल्लीच्या फोनच्या काचेवर बोट नुसतं घसरतं.

सगळ्यांत लाडका तिच्या भावाने हँबर्गहून आणलेला व्हिडिओ गेम. एक काळा डबा आणि त्यात खोचायची कॅसेट. खोचण्याआधी फुंकर मारायची. त्याने काय होतं ते देव जाणे, पण फुंकर न मारता ती चाललेली मी पाहिली नाही. मग पडद्यावर बोटाएवढा पाणबुड्या नावेतून उडी मारतो. शिंपले गोळा करायचे, माशांना चुकवायचं, हवा संपायच्या आत खालच्या गुहेत शिरायचं. डबा बंद केला की सगळं विसरतो आणि पाणबुड्या पुन्हा नावेवर.

त्या खेळातल्या समुद्राचा तळ दुफियेने कधी पाहिला नव्हता, आणि आता घाई होती. तिचा जाड काचेचा टीव्ही शेवटच्या घटका मोजत होता. चित्र चारी बाजूंनी आकसत चाललं होतं, आणि नव्या टीव्हीला त्या डब्याची वायर बसत नाही.

त्या शनिवारी दुपारी तिने मला हाक मारली. "मास्तर, या. पण श्वास हळू घ्या."

शेवटची गुहा. इथवर ती पहिल्यांदाच आली होती. पाणी जांभळं झालं होतं, असले मासे मी आधी पाहिलेच नव्हते. खेळत होती ती आणि मासे चुकवायला मान मी वाकवत होतो.

तेवढ्यात तिची नणंद कोनादू शोकाचं काळं नेसून दारात उभी. "वहिनी, अजून घरच्याच कपड्यात? समोर मंडप भरला, आणि तू पोरखेळ करतेस?"

"म्हातारीला पुरलं ना सकाळी? आता ती कुठे पळून जाते?"

"ती नाही जात. पण कोण आलं नाही ते बघत लोक बसलेत."

रस्त्यापलीकडच्या ओफोसुहेनेच्या आईचा शोकसमारंभ होता. तिथे जाऊन हात मिळवले नाहीत, तर गल्ली ते तुमच्या स्वतःच्या मरणापर्यंत विसरत नाही. दुफियेने खेळ थांबवायचं बटण दाबलं. पाणबुड्या तोंडाशी बुडबुडा घेऊन पाण्यात लटकून राहिला. ती काळं नेसली, डोक्याला लाल रुमाल बांधला, आणि आम्ही तिघं निघालो.

मंडपात उजवीकडून सुरुवात करून आम्ही एकेकाचा हात हातात घेत चाललो होतो. ओफोसुहेनेचा हात धरला आणि दुफिये जागीच थिजली.

"बंद केला," ती म्हणाली. "निघताना भिंतीवरचं बटण मीच बंद केलं."

आमच्याकडे लाइट जाते ती जाते, पण येताना झटक्याने येते आणि फ्रिज जाळते. त्यामुळे घराबाहेर पडताना प्रत्येकाचा हात आपोआप त्या बटणाकडे जातो. तिचाही गेला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते बघून ओफोसुहेनेही रडायला लागला.

मागून एक बाई म्हणाली, "शेजारीण असावी तर अशी. सुना बघा, कोरड्या बसल्यात."

एका सुनेने लगबगीने रुमाल काढला.

कोनादूला राहवलं नाही. "दादा, ही तुमच्या आईसाठी रडत नाहीये. पाणबुड्यासाठी रडतेय."

"कोण बुडालं?" ओफोसुहेनेने डोळे पुसत विचारलं.

सगळं ऐकल्यावर त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं पुन्हा रडतोय, पण तो हसत होता. "आंटी, आई पिकलं पान होती, तिला गर्दी आवडायची. टीव्ही इकडेच आणा. जनरेटर आहे, लाइट जायची भीती नको."

काळ्या कपड्यांतल्या चौघांनी तो अवजड टीव्ही रस्ता ओलांडून आणला. दुफियेने फुंकर मारली आणि पुन्हा नावेपासून सुरुवात केली. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या, सगळा मंडप तिच्या पाठीशी.

"आंटी, डावीकडे, मासा."

"गप्प बस. तुला पोहता येतं का?"

"हवा संपतेय, हवा."

"मला दिसतंय. तू तुझी आवर, मानेवर लागतेय."

चित्र आकसून तळहाताएवढं झालं होतं. जांभळं पाणी आलं. मी कुणाचा तरी दंड घट्ट धरला होता, कुणाचा ते अजून माहीत नाही. पाणबुड्या खाली गेला, आणखी खाली, आणि त्याचे पाय टेकले.

तळाशी एक लहानसं टेबल होतं, त्यावर दिवा. पाणबुड्या खुर्चीत बसला. वर कुठल्याशा परक्या लिपीत दोन ओळी उमटल्या.

"काय लिहिलंय?" ओफोसुहेनेने विचारलं.

"लिहिलंय, दमलास, बस आता," दुफिये म्हणाली.

ढोलवाल्याने थाप मारली आणि बायका नाचायला उठल्या. मागच्या रांगांना काहीच दिसलं नव्हतं. दुफिये एकेकापाशी जाऊन सांगत होती, दिवा पिवळा होता, त्याला काच होती, खुर्चीला हातसुद्धा होते. टीव्ही कधी बंद पडला ते तिने पाहिलंही नाही.